भिंतीवरची दोन नावे

अमरसिंहाच्या कोशातल्या दुसऱ्या कांडात सिंहादी वर्ग आहे. सिंहवाघांपासून निघालेली ही यादी लहान होत होत उंदरापर्यंत येते आणि तिथे दोन ओळी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. पहिल्या ओळीत सरट, कृकलास, मुसली आणि गृहगोधिका, म्हणजे सरडा आणि पाल. दुसरीत लूता, तन्तुवाय, ऊर्णनाभ आणि मर्कटक, म्हणजे कोळी. ज्या भिंतीवर हे जीव शेजारी राहतात, तिची आठवण ठेवूनच जणू कोशकाराने त्यांना असे बसवले आहे. मराठी वाचकाला या दोन ओळींत मात्र एक विलक्षण उणीव दिसते. या आठ शब्दांपैकी सरटापासून आपला सरडा आला, मर्कटाच्या घरातून माकड आले, पण ज्या दोन नावांनी आपण हे प्राणी रोज ओळखतो, ती कोळी आणि पाल ही नावे यांपैकी एकाही शब्दातून आलेली नाहीत. अमरसिंहाने एवढी नावे दिली, तरी आपली दोन्ही नावे त्याच्या यादीबाहेरून आली. ती कुठून आली, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. माझे म्हणणे असे की भिंतीवरच्या या दोन शेजाऱ्यांची नावे दोन वेगळ्या वाटांनी मराठीत आली. कोळी हे नाव प्राकृताच्या वाटेने, विणकराकडून आले. पाल हे नाव दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडून आले. याचा सर्वांत भक्कम पुरावा जुन्या पोथ्यांपेक्षा आपल्या जिभेवर आहे, एका नावातल्या ळ मध्ये आणि दुसऱ्यातल्या ल मध्ये.

कोळी या शब्दाचा विचार करताना सर्वांत आधी मनात येते ते स्पष्टीकरण इतके सुबक आहे की त्याच्याविरुद्ध बोलणे जड जाते. कोळी समुद्रावर जाळे टाकतो, कोळीही कोपऱ्यात जाळे टाकतो. एक मासे धरतो, दुसरा माश्या धरतो. दोघांच्याही साधनाला मराठी जाळे हाच शब्द वापरते. तेव्हा किड्याचे नाव मच्छीमारावरून पडले, असे कुणीही म्हणेल आणि मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला तर त्यात शंकेला जागाच दिसणार नाही. पण किनारा सोडून घाटावर आले की ही जुळणी सैल पडू लागते. सह्याद्रीच्या डोंगररांगांत राहणारे महादेव कोळी शेती आणि जंगलावर जगत आले आहेत. त्यांच्या कोळीपणात समुद्र नाही आणि जाळेही नाही. कोळी म्हणजे मासेमार हे समीकरण महाराष्ट्राच्या आतच सगळीकडे लागू पडत नसेल, तर त्याच्या आधाराने किड्याचे नाव लावणे धोक्याचे आहे. आणखी एक गोष्ट. जाळे या शब्दाचा साक्षीदार म्हणून उपयोग नाही, कारण जाल हा शब्द संस्कृतातच मासे, पक्षी आणि कोळी या तिघांच्या संदर्भात वापरला जात होता. साधनाचे नाव एक असले म्हणून ते वापरणाऱ्याचे नावही एकाने दुसऱ्याला दिले, असे होत नाही.

आता मराठीच्या सीमा ओलांडून चहूकडे पाहू. तेलुगूत कोळ्याला सालेपुरुगु म्हणतात. पुरुगु म्हणजे किडा आणि साले म्हणजे विणकर, आपल्याकडच्या साळी समाजाच्या नावाशी जुळणारा शब्द. कन्नडमध्ये कोळी म्हणजे जेड आणि जुन्या कन्नडमध्ये जेड म्हणजे विणकरही. बसवेश्वरांच्या आधीचा वचनकार जेडर दासिमय्या याच्या नावातला जेडर हा विणकरांचा आहे, तो स्वतः मागावर बसणारा होता. सिंधीत कोरी म्हणजे विणकर आणि त्याला लघुत्वाचा प्रत्यय लावून कोरिअडो म्हणजे कोळी. हिंदी प्रदेशात कोरी किंवा कोली ही हिंदू विणकरांची जात सर्वश्रुत आहे. संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर. पंचतंत्रात लाकडी गरुडावर बसून विष्णूचे सोंग घेणारा आणि राजकन्येच्या महालात उतरणारा जो विणकर आहे, तो कौलिकच आहे. प्राकृतात या शब्दाचे रूप कोलिअ असे होते आणि तिथे त्याला दोन्ही अर्थ आहेत, वस्त्र विणणारा माणूस आणि जाळे विणणारा किडा. मराठीचा कोळी या कोलिअपासून सरळ उतरतो. मराठीत विणकराला पुढे कोष्टी, साळी अशी नावे रूढ झाली आणि कोळी हे नाव मागाजवळून उठून गेले. मूळ धनी निघून गेला, नाव किड्याकडे राहिले. मग त्याच उच्चाराचा मासेमार शेजारी असल्यामुळे लोकांनी मोकळ्या झालेल्या नावाला नवा अर्थ दिला. ही घडामोड भाषेत नेहमीची आहे. शब्दाचा खरा सोबती हरवला की तो जवळच्या आवाजाचा आधार घेतो. मासेमार समाजाच्या नावाचा उगम हा वेगळा अभ्यास आहे, त्याचा निकाल इथे लावण्याची गरज नाही. एवढेच म्हणायचे आहे की किड्याचे नाव त्यांच्याकडून आलेले नाही.

यावर एक आक्षेप योग्य आहे. विणकरावरून कोळ्याचे नाव पडले की कोळ्यावरून विणकराचे, हे कसे ठरवायचे? कोळी तर माणसाच्या कितीतरी आधीपासून विणतो आहे. याचे उत्तर शब्दांच्या बांधणीत सापडते. सिंधी कोरिअडोमध्ये प्रत्यय किड्याच्या नावाला आहे, विणकराच्या नावाला नाही. तेलुगूत विणकर नुसता साले आहे आणि किड्याला मात्र ‘विणकर-किडा’ असे जोडनाव घ्यावे लागते. ज्या शब्दाला शेपूट लागते तो मागाहून झालेला असतो. संस्कृत तन्तुवायही हेच सांगतो. त्याचा शब्दशः अर्थ धागा विणणारा, आणि तो माणसाला जितका साजतो तितकाच किड्याला. दूरच्या भाषांतही हाच कल दिसतो. इंग्रजीतला स्पायडर आणि जर्मनमधली श्पिने हे दोन्ही शब्द सूत कातण्याच्या क्रियापदातून निघाले आहेत. आपल्याच कोशात कातीण हा कोळ्यासाठीचा शब्द आहे, आणि त्यात कातणे उघड दिसते. माणसाने या आठ पायांच्या जिवाकडे पाहिले तेव्हा त्याचे पाय, त्याचे डोळे, त्याचा दंश यांआधी त्याचे काम पाहिले आणि ते काम आपल्या घरातल्या कामाच्या नावाने ओळखले. उड्या मारून शिकार करणारे, जाळे न विणणारे कोळीही आहेत. भाषेने त्यांनाही विणकराचेच नाव दिले, कारण नाव एकदा रूढ झाले की ते अपवाद मोजत बसत नाही.

संस्कृतातल्या ऊर्णनाभि या शब्दाने तर या मुद्द्याला अनपेक्षित पाठबळ दिले आहे आणि म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबायला हवे. ऊर्णा म्हणजे लोकर, नाभि म्हणजे बेंबी. ज्याच्या बेंबीत लोकर आहे तो ऊर्णनाभि, असा अर्थ परंपरेने लावला आणि उपनिषदांमुळे तो अजरामर झाला. मुंडकोपनिषदात अक्षरापासून विश्व कसे उत्पन्न होते हे सांगताना जाळे बाहेर टाकणारा आणि पुन्हा आत घेणारा कोळी येतो. बृहदारण्यकातही तो येतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात बाहेरच्या साधनाशिवाय निर्मिती शक्य आहे हे दाखवताना कोळ्याचाच दाखला घेतला आहे. दृष्टांत इतका मोठा झाला की शब्दाकडे कुणाचे लक्ष राहिले नाही. पण बृहदारण्यकातल्या त्याच जागी शतपथ ब्राह्मणाचा माध्यंदिन पाठ ऊर्णवाभि असे रूप देतो. इथे बेंबी नाही. इथे वभ् आहे, म्हणजे विणणे. हा धातू संस्कृतात स्वतंत्रपणे जवळजवळ लोपला, पण त्याचे दूरचे भाऊबंद युरोपातल्या भाषांत विणण्याच्या अर्थाने जिवंत आहेत. इंग्रजीत जाळ्याला वेब म्हणतात तो त्याच कुळातला. ऋग्वेदात इंद्राने मारलेल्या एका शत्रूचे नाव और्णवाभ आहे. तिथेही वभ् टिकून आहे. म्हणजे मूळ शब्द ‘लोकर विणणारा’ असा होता. वभ् धातू लोकांच्या ओळखीचा राहिला नाही, तेव्हा वाभि हे अक्षर अर्थशून्य झाले आणि त्याच्या जागी ओळखीची नाभि येऊन बसली. कोळ्याचा धागा पोटाच्या मागच्या टोकाकडून निघतो, त्यामुळे बेंबीची कल्पना डोळ्यांना पटली आणि चूक पक्की झाली. आपल्याकडे कोळी शब्दाला मासेमार येऊन चिकटला, तेच तिथे घडले. फरक एवढाच की तिथे ते वेदपाठकांच्या आणि तत्त्वज्ञांच्या भाषेत घडले. आणि ज्या यास्काचे निरुक्त हा व्युत्पत्तीचा आपला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ, तो ज्या पूर्वाचार्यांची मते नोंदवतो त्यांत एकाचे नाव और्णवाभ आहे. शब्दांचे मूळ शोधणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या नावात कोळ्याचे खरे मूळ शाबूत राहिले होते.

लूता या शब्दाची कथा दुसऱ्या बाजूची आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातल्या आठव्या अध्यायात तिचा उगम सांगितला आहे. विश्वामित्राने वसिष्ठांची गाय हरण केली, ऋषी क्रुद्ध झाले, त्यांच्या कपाळावरचा घाम गायीसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडला आणि त्यातून हे विषारी जीव जन्मले. कापलेले म्हणजे लून, लून गवतावर पडलेले म्हणून त्यांचे नाव लूता. पुढे सोळा प्रकार दिले आहेत, आठ कष्टाने बरे होणारे आणि आठ असाध्य. वैद्यकाच्या दृष्टीने हा अध्याय मोलाचा आहे. दंशानंतरच्या फोडांचे, व्रणांचे, दाहाचे वर्णन त्यात बारकाईने येते. व्युत्पत्ती म्हणून मात्र ती कथा आवाजाच्या साम्यावर उभी आहे. मी तिचा उल्लेख तिला खोटे पाडण्यासाठी करत नाही. ती एक खरी माहिती देते ती अशी की या जिवाकडे पाहण्याची दुसरी नजर होती. विणकराच्या नजरेला तो कारागीर दिसला, वैद्याच्या नजरेला तो रोग दिसला. संस्कृतात लूता हे त्वचेच्या विकाराचेही नाव आहे, तमिळमध्ये चिलंदी म्हणजे कोळी आणि गळूही, गुजरातीत अंगावरच्या पांढुरक्या चट्ट्यांना कोळ्याचेच नाव आहे. मराठीच्या कोळीत हा रोगाचा अर्थ शिरला नाही, हेही मला महत्त्वाचे वाटते. आपण घेतलेले नाव कारखान्यातले होते, दवाखान्यातले नव्हते.

अमरसिंहाचा चौथा शब्द, मर्कटक, हा मराठी माणसाला नेहमी चकवतो. हिंदी बोलणारा मकडी म्हणतो तेव्हा मराठी कानाला माकड ऐकू येते, आणि ते चूक नाही. पालीत मक्कट म्हणजे माकड आणि मक्कटक म्हणजे कोळी. धम्मपदात आसक्तीत गुरफटलेल्या माणसाला स्वतःच्या जाळ्यातल्या कोळ्याची उपमा दिली आहे, ती या मक्कटकाची. एकाच शब्दाचे दोन अर्थ होते, आणि उत्तरेने व दक्षिणेकडच्या आपण ते वाटून घेतले. हिंदीने किड्याचा अर्थ ठेवला आणि माकडासाठी वानरापासून आलेला बंदर घेतला. मराठीने माकड ठेवले, वानरही ठेवले, पण किड्याचा अर्थ सोडून दिला, कारण त्या जागेवर कोळी आधीच बसला होता. गुजरातीत मांकडुं म्हणजे माकड आणि मांकड म्हणजे ढेकूण. नकाशावर हे शब्द मांडले तर भाषांच्या जवळिकीच्या नेहमीच्या कल्पना थोड्या हलतात. कोळ्याच्या बाबतीत मराठीची सर्वांत जवळची नातलग हिंदी नसून सिंधी ठरते.

आता पाल. इथे पुरावा अधिक काटेकोर आहे आणि मला त्यात सर्वांत जास्त रस आहे. मराठीत शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी ल यावा की ळ, हे लहरीवर चालत नाही. संस्कृत-प्राकृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो. फल म्हणजे फळ, बाल म्हणजे बाळ, कमल म्हणजे कमळ, जाल म्हणजे जाळे. प्राकृतात जोडाक्षर ल्ल असेल, तर मराठीत ल राहतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. गल्लपासून गाल, भल्लपासून भाला, मूल्यापासून मोल्ल होऊन मोल. या नियमाचे सर्वांत सुंदर उदाहरण आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. काळ आणि काल. काळ हा संस्कृत कालापासून, एकट्या ल चा. काल, म्हणजे होऊन गेलेला दिवस, हा कल्यापासून, प्राकृतातल्या कल्लमधून. दोन शब्दांतला फरक दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका जोडाक्षराचा आहे आणि तो शाळेत न गेलेला माणूसही चुकवत नाही. या कसोटीवर कोळी आणि पाल घासून पाहा. कोलिअमध्ये ल एकटा, म्हणून कोळी. पाल मध्ये ळ नाही, म्हणून तिच्या मुळाशी ल्ल असलाच पाहिजे. तो शब्द म्हणजे पल्ली.

व्याकरणही हेच सांगते. आपण पालीला म्हणतो, पालेला म्हणत नाही. मराठीत व्यंजनान्त झालेल्या स्त्रीलिंगी नावांपैकी जी मुळात आकारान्त होती, ती विभक्तीत ए घेतात. जिह्वेपासून जीभ, म्हणून जिभेला. मालेपासून माळ, म्हणून माळेला. जी मुळात इकारान्त किंवा ईकारान्त होती ती ई घेतात. रात्रीपासून रात, म्हणून रातीला. भित्तीपासून भिंत, म्हणून भिंतीला. शेवटचा स्वर उच्चारातून गळून पडला तरी प्रत्यय लागताच तो परत येतो. पालीला या साध्या रूपात पल्लीची ती दीर्घ ई आजही ऐकू येते. ज्यूल ब्लोक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीच्या घडणीचा जो अभ्यास केला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली जो मराठीत आणला, त्याचे मोठे ऋण हेच आहे की आपली बोली नियमाने घडली आहे हा विश्वास त्याने दिला. या नियमांमुळे काही गोड समजुती सोडाव्या लागतात. पाल घरातले किडे खाऊन घराचे पालन करते म्हणून ती पाल, असे कुणी सुचवले तर कल्पना छान आहे, पण पालनाच्या धातूपासून मराठीत पाळणे आणि गोपाळ झाले. त्या धातूतून ही आली असती, तर आपण तिला पाळ म्हटले असते.

मग पल्ली कुठली? संस्कृतात पल्लीचे दोन अर्थ आढळतात, एक घरातली पाल आणि दुसरा लहान खेडे किंवा पाडा. या दोन अर्थांना जोडणारा धागा शोधण्याचा मोह होतो. घरात राहणारी, वस्तीत राहणारी म्हणून पल्ली, असे सांगता येईल. पण तमिळकडे वळताच हा प्रश्नच नाहीसा होतो. तमिळमध्ये पाल म्हणजे पल्लि, साध्या ल ची, आणि वस्ती किंवा मठ म्हणजे पळ्ळि, जिभेच्या टोकाला मागे वळवणाऱ्या ळ ची. तिरुचिरापळ्ळीतला पळ्ळि हा दुसरा. कन्नडमध्येही तसेच, पाल म्हणजे हल्लि आणि खेडे म्हणजे हळ्ळि. दक्षिणेत हे दोन निराळे शब्द आहेत, त्यांच्यातला फरक लहान मूलही ऐकून ओळखते. अभिजात संस्कृतात ळ नाही. त्यामुळे दोन्ही शब्द संस्कृतात शिरताना एकाच रूपात कोसळले आणि त्यांना एक शब्द समजण्याची वेळ आली. उसने घेणाऱ्याकडे फरक पुसला जातो, देणाऱ्याकडे तो शाबूत असतो. हा शब्द संस्कृतातून दक्षिणेत गेला असता, तर एका पल्लीपासून दक्षिणेतल्या भाषांनी इतक्या सुसंगतपणे ल आणि ळ वेगळे कसे काढले, याचे उत्तर देता येणार नाही.

दक्षिणेतला हा शब्द जुना असल्याचे इतर पुरावेही आहेत. कन्नडमध्ये जुना प पुढे ह झाला. पालु म्हणजे दूध ते हालु झाले, तसेच पल्लि ते हल्लि. हा बदल झाला तेव्हा शब्द घरातलाच होता. तेलुगूत बल्लि, मलयाळममध्ये पल्लि. तमिळच्या संगम काव्यात पालीचा आवाज शकुन म्हणून येतो आणि विरहात बसलेली माणसे त्याच्याकडे कान लावतात. उलट उत्तरेकडे पाहावे तर या शब्दाचा रोजच्या बोलण्यात मागमूस नाही. हिंदीत छिपकली, बंगालीत टिकटिकी, ओडियात झिटिपिटि, गुजरातीत गरोळी. दक्षिणेकडच्या भाषा आणि मराठी-कोकणी मिळून हा शब्दाचा सलग प्रदेश होतो, आणि त्याची उत्तरेकडची कड आपल्यापाशी आहे. अमरसिंहाच्या त्या ओळीत मुसली आहे, गृहगोधिका आहे, पण पल्ली नाही, हेही या चित्राशी जुळते.

गृहगोधिका या शब्दात एक प्रेमळपणा आहे. गोधा म्हणजे घोरपड, तेव्हा गृहगोधिका म्हणजे घरातली चिमुकली घोरपड. पाहणाऱ्याने मोठ्या रानटी प्राण्याचे छोटे घरगुती रूप ओळखले. संस्कृतात तिचे आणखी एक नाव कुड्यमत्स्य आहे, भिंतीवरचा मासा. गुळगुळीत चुन्याच्या भिंतीवरून ती सुळकन जाते तेव्हा हे नाव देणाऱ्याची नजर किती ताजी होती हे कळते. गृहगोलिका या तिसऱ्या नावातून गुजरातीची गरोळी आली. आणि इथे एक मोहक जोडी समोर येते. गुजरातीत पाल म्हणजे गरोळी आणि कोळी म्हणजे करोळियो. ऐकणाऱ्याला वाटते, हे दोन्ही एकाच शब्दाचे आकार, भिंतीवरच्या जिवांचे एकच जुने नाव दोघांत वाटले गेले. माझ्या मते ही जोडी फसवी आहे. गरोळीच्या आरंभी गृह आहे, म्हणजे प्राकृतातला घर. घ चा महाप्राण जाऊन ग उरणे समजते. पण घ पासून क होणे गुजरातीच्या ध्वनींच्या चालीत बसत नाही. दोन शब्द शेजारी राहून एकमेकांसारखे बोलू लागतात, तसे शेपटाकडचे साम्य असू शकते. कुळ एक मानायला तेवढे पुरत नाही. कोळी आणि मासेमार यांच्याबाबत आपण जी शिस्त पाळली, तीच इथेही पाळली पाहिजे, मग निष्कर्ष कितीही आकर्षक असो.

पाल आणि कोळी यांना खरोखर एकच नाव देणाऱ्या भाषा जगात आहेत. इटालियनमध्ये तारांतोला म्हणजे तारांतो शहराच्या नावावरून आलेला कोळी, आणि त्याच नावाने भिंतीवरची पालही ओळखली जाते. प्राणिशास्त्रात भूमध्य सागराकाठच्या पालीच्या प्रजातीला तारेंतोला हेच नाव मिळाले आहे. हिब्रू बायबलच्या नीतिसूत्रांत, तिसाव्या अध्यायात, चार लहान पण शहाण्या जिवांमध्ये सेमामीत नावाचा प्राणी येतो. तो हाताने धरता येतो, तरी राजवाड्यात राहतो. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरकारांनी तिथे पालीचा शब्द घातला, १६११ च्या इंग्रजी भाषांतराने कोळी घातला आणि आजच्या हिब्रूत तो शब्द पालीसाठी वापरतात. वाक्याचा अर्थ दोघांनाही सारखाच शोभतो, म्हणून वाद इतका टिकला. ही उदाहरणे पाहिली की कळते, माणसाच्या मनात हे दोन जीव ठिकाणाने बांधलेले आहेत. मराठीने त्यांना वेगळे ठेवले याचे कारण आपण एकाला कामावरून हाक मारली आणि दुसरीला मारलेली हाक शेजाऱ्यांकडून ऐकली.

शेवटचा आक्षेप राजकारणाजवळ जाणारा आहे, म्हणून त्याला टाळता येत नाही. पाल दक्षिणेची ठरली की काहींना वाटते, चला, मराठीच मुळात द्राविड. काहींना वाटते, एका किरकोळ शब्दावरून संस्कृतशी असलेले नाते कमी लेखले जात आहे. दोन्ही भीती अनाठायी आहेत. पल्लीचा ल्ल मराठीत ल झाला आणि ई विभक्तीत टिकली, हे नियम प्राकृताकडून आलेले आहेत. म्हणजे शब्द दक्षिणेचा, पण त्याला मराठी करणारा साचा प्राकृताचा. कोळी या शब्दाचा उच्चार प्राकृतातून आला, पण विणकर आणि किडा यांना एका नावाने हाक मारण्याची सवय कन्नड आणि तेलुगू शेजाऱ्यांशी आपण वाटून घेतो. एका शब्दाच्या आत दोन कुळांचे काम शेजारी चाललेले दिसते, आणि आपल्या भाषेबद्दल मला हे सर्वांत जास्त आवडते. कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या मराठी व्युत्पत्तिकोशापासून राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशापर्यंत आणि बरो-एमेनो यांच्या १९६१ च्या द्राविड व्युत्पत्तिकोशापर्यंत जी साधने आहेत, ती एकत्र उघडूनच हे काम करावे लागते. यांतला एकच कोश टेबलावर ठेवला, तर पाल अर्धीच दिसते. पुढील प्रकरणांत मुंगळा, ढेकूण, गोम, विंचू अशी इतर नावे याच रीतीने तपासली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी आधी ध्वनी, मग प्रदेश, आणि अर्थाची गोष्ट सर्वांत शेवटी, हा क्रम ठेवला आहे.

घरी अंगावर पाल पडली की म्हातारी माणसे पंचांग उघडतात. तिथे कोष्टकाचे शीर्षक पल्लीपतन असते, आणि डोक्यापासून पायापर्यंत कुठे पडली तर काय फळ, हे लिहिलेले असते. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छतावरच्या सोन्याच्या आणि चांदीच्या पालींना हात लावून भाविक या भयाचे निवारण करतात. पंचांगातली पल्ली आणि तोंडातली पाल हा एकच शब्द आहे. एक ग्रंथांच्या वाटेने आला, दुसरा शेजाऱ्यांच्या बोलण्यातून आणि मराठी जिभेवर घासून. तमिळ माणूस पालीचा आवाज कोणत्या दिशेने आला ते पाहतो, बंगाली माणूस बोलता बोलता टिकटिकी वाजली की आपले बोलणे खरे ठरले असे मानतो. मराठीत तिचा आवाज घराबाहेर पडून मनात शिरला आहे. समोरच्याच्या बोलण्यात काही खोट आहे असे वाटू लागले, पुरावा हातात नसला, तरी आपण म्हणतो, मनात पाल चुकचुकली.